नायजेरियाची ऑफर आलीये तर आधी रस्ता विचारा

बडोद्यात ज्या घरात कोणी पायपिंग, इन्स्ट्रुमेंटेशन नाहीतर कमिशनिंगवाला आहे त्या घरात कधी ना कधी नायजेरियाची ऑफर येतेच, पगार डॉलरमध्ये, राहणं-खाणं कंपनीचं, काही महिने काम आणि मग सुट्टी. आणि ती आली की मांजलपूरहून, दांडिया बाजारातून कोणीतरी काकू मला फोन करतात, कारण माझा नवरा लागोस आणि पोर्ट हारकोर्ट (दक्षिणेतल्या रिव्हर्स राज्यातलं तेलाचं शहर) दोन्हीकडे राहून आलाय. सगळ्यांचा प्रश्न एकच, "अगं, पाठवू का त्याला? तिथे माणसं पळवून नेतात म्हणे." परवा पुन्हा असाच फोन आला, खूप वेळ बोललो, मग ठरवलं की सगळं एकदा लिहूनच टाकते म्हणजे लिंक पाठवता येईल आणि घाईत काही सुटणार नाही.

आधी हे सांगते की काकूंची भीती खोटी नाहीये. डिसेंबर २०१९ मध्ये नायजेरियाच्या बॉनी बेटाजवळ नेव्ह कॉन्स्टेलेशन नावाच्या तेलाच्या जहाजावरून चाच्यांनी १८ भारतीयांना उचलून नेलं होतं, ते सुटले, पण त्याच महिन्यात टोगोजवळ ड्यूक नावाच्या जहाजावरून २० जणांना नेलं त्यातला एक जण परत आलाच नाही. मार्च २०२२ मध्ये राजधानी अबुजाहून कादुनाला जाणाऱ्या ट्रेनवर हल्ला झाला. आजूबाजूचे देशही तसेच, जुलै २०२५ मध्ये मालीत केझच्या सिमेंट फॅक्टरीतून तीन भारतीयांना पळवलं, आणि त्याच महिन्यात नायजरमध्ये, म्हणजे नायजेरियाच्या उत्तरेला जो वेगळा देश आहे तिथे, दोन भारतीय मारले गेले. ह्यातले भारतीय सगळे आपल्यासारखेच कामाला गेलेले लोक होते, फिरायला गेलेलं कोणी नव्हतं.

पण मग दुसरी बाजूही आहे. त्याच नायजेरियात हजारो भारतीय वर्षानुवर्षं घरदार, मुलांच्या शाळा सांभाळून राहतायत. नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान अबुजाला गेले तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून त्यांच्यापाशी आनंद व्यक्त केला होता, ते वाचून मला इथे बडोद्यात बसून इतकं छान वाटलं होतं. लागोसजवळ इबेजू-लेक्कीला तिथले उद्योगपती डांगोटे ह्यांची जी रिफायनरी उभी राहिली, रोज साडेसहा लाख बॅरलची, तिच्या कामात आपले इंजिनियर किती होते ते आपल्या बडोद्याजवळच्या कोयली रिफायनरीतल्या कोणालाही विचारा.

म्हणून मी काकूंना म्हणते की नायजेरिया सेफ आहे का ह्या प्रश्नाला उत्तरच नाही. ३६ राज्यं आहेत त्या देशात. ईशान्येला बोर्नो, योबे, अदामावा इथे बोको हरामचे दहशतवादी आणि त्यांच्यातूनच फुटलेले गट, वायव्येला झाम्फारा, कात्सिना, कादुना इकडे खंडणीसाठी गावंच्या गावं उचलणाऱ्या टोळ्या, दक्षिणेला रिव्हर्स, बायेल्सा, डेल्टा ही तेलाची राज्यं जिथे अपहरण हा धंदाच झालाय, आणि लागोस हे वेगळंच, तिथे मोठी भीती लुटालूट, फसवणूक आणि ट्रॅफिकची. तर प्रश्न असा विचारायचा की कुठलं राज्य, कुठली साइट, आणि विमानतळापासून तिथपर्यंत मुलगा कुठल्या रस्त्याने, किती वाजता, कोणाच्या गाडीत जाणार. कामगार राहतात त्या कॅम्पला भिंत असते, तार असते, गार्ड असतात, माणूस उचलला जातो तो बहुतेक वेळा रस्त्यावर.

हे ऑफर लेटरमध्ये कधीच नसतं. पण ज्या कंपन्या तिथे नीट काम करतात त्यांच्याकडे प्रत्येक प्रवासाचा लेखी प्लॅन असतो, तेलवाले त्याला जर्नी मॅनेजमेंट म्हणतात, म्हणजे गाडी कधी निघणार, वाटेत कुठे रिपोर्ट करणार, बरोबर मोबाइल पोलीस असणार का (तिथे त्यांना मोपोल म्हणतात), पोचल्यावर कोणाला फोन. मुलाने एचआरला सरळ विचारावं की तुमचा जर्नी प्लॅन कसा असतो, आणि समोरचा जर "अरे काही नाही, आपला ड्रायव्हर येईल" म्हणाला तर माझ्या मते ती ऑफर सोडून द्यावी, पगार कितीही असो. अपहरणाचा इन्शुरन्स आहे का हे विचारून उपयोग नाही, कारण असला तरी कंपनी सांगत नाही, ती गोष्ट गुप्त ठेवणं ही त्या पॉलिसीचीच अट असते. त्यापेक्षा मेडिकल इव्हॅक्युएशन विचारा, गंभीर आजारी पडला तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार, देशाबाहेर न्यायची वेळ आली तर पैसे कोण भरणार, आणि ते कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून द्या म्हणावं.

पोर्ट हारकोर्टला जायचं तर एक गोष्ट नकाशात कळत नाही ती सांगते. लागोसला उतरल्यावर पुढचं देशांतर्गत विमान बहुतेक दुसऱ्या टर्मिनलवरून असतं, मध्ये गाडीने जावं लागतं, आणि पोर्ट हारकोर्टचा विमानतळ शहराबाहेर ओमाग्वाला आहे. म्हणजे परक्या देशात रस्त्यावर यायच्या दोन वेळा झाल्या. आंतरराष्ट्रीय विमान संध्याकाळी उशिरा पोचत असेल तर रात्र विमानतळाजवळ इकेजाच्या हॉटेलात काढायची, सकाळचं विमान घ्यायचं, अंधार पडल्यावर रस्त्याने प्रवास नाही म्हणजे नाही. घ्यायला येणाऱ्याचा फोटो, गाडीचा नंबर आणि एक कोडवर्ड आधीच मागून ठेवा, कारण पाटीवरचं नाव वाचून कोणीही तशीच पाटी करून उभा राहू शकतो. कोडवर्ड चुकला तर विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं नाही, आत बसून कंपनीला फोन करायचा.

आता व्हिसा. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण एजंट सांगतो बिझनेस व्हिसावर जा, पोचल्यावर बघू. तसं करू नका. बिझनेस व्हिसा मीटिंगसाठी असतो, त्याच्यावर साइटवर पाना हातात घेतला की ते बेकायदा काम होतं, आणि मग इमिग्रेशनवाल्याने धरलं तर अडकतो तो मुलगा, एजंट नाही. थोड्या दिवसांच्या टेक्निकल कामाला टेम्पररी वर्क परमिट असतं, त्याची मंजुरी कंपनीला तिथल्या इमिग्रेशन खात्याकडून आणावी लागते. जास्त मुदतीच्या नोकरीला एसटीआर (सब्जेक्ट टू रेग्युलरायझेशन) व्हिसा, आणि पोचल्यावर त्याच्यावरून सर्पॅक नावाचं रहिवासी कार्ड. मे २०२५ पासून त्यांनी ई-व्हिसा सुरू केलाय आणि विमानात भरायचं लँडिंग कार्डही ऑनलाइन केलंय, ते निघायच्या आधी भरायचं. नियम बदलत राहतात म्हणून एजंटच्या व्हॉट्सअॅप मेसेजवर जाऊ नका, तिकिटाच्या आधी त्यांच्या इमिग्रेशनच्या साइटवर स्वतः बघा. पासपोर्टला सहा महिने तरी बाकी हवेत, आणि तो कंपनीच्या कपाटात जमा करायचा नाही, चेकपोस्टवर दाखवायला खिशात रंगीत झेरॉक्स ठेवायची.

आपल्या सरकारच्या बाजूने एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते. ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारे) म्हणून १८ देशांची यादी आहे, इराक, लिबिया, सौदी, कुवेत असे, तिथे दहावी न झालेला माणूस नोकरीला जातो तेव्हा सरकार त्याचं कॉन्ट्रॅक्ट तपासतं. नायजेरिया त्या यादीत नाहीये, आणि इंजिनियरला तर तशीही ती तपासणी लागत नाही, म्हणजे मुलाचं कॉन्ट्रॅक्ट आई-वडिलांशिवाय आणि त्याच्याशिवाय दुसरं कोणीही वाचणार नाहीये. तर नीट वाचा. एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी झालेल्यांमध्ये आहे का तेही बघा, नसेल तर एक रुपया देऊ नका. मुलाची माहिती अबुजातल्या आपल्या उच्चायुक्तालयाकडे नोंदवून ठेवा आणि मदतीसाठी आपल्या परराष्ट्र खात्याचं मदद पोर्टल कसं चालतं ते घरच्यांनीही आधीच बघून ठेवा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं चार पायऱ्यांमध्ये देश बसवतं, नायजेरिया तिसऱ्या पायरीवर असतो आणि काही राज्यं थेट चौथ्या, आणि ब्रिटनची साइट राज्याराज्यांचा रंगीत नकाशा देते, तो मला सगळ्यात कामाचा वाटतो, साइट कुठल्या रंगात पडते ते दोन मिनिटांत कळतं.

पिवळ्या तापाची लस, म्हणजे यलो फीव्हर, ही शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या सेंटरलाच मिळते, यादी आरोग्य मंत्रालयाच्या साइटवर आहे. एका बाटलीत बरेच डोस असतात आणि बाटली एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून सेंटरवाले ठराविक दिवशीच माणसं गोळा करून देतात, नंबर लागायला वेळ जातो. सर्टिफिकेट लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, त्याच्या आधी ते चालत नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते, तो नियम २०१६ पासून आहे. पुस्तिकेवर पासपोर्ट नंबर बरोबर लिहिलाय ना ते सेंटरवरच बघून घ्या. अंड्याची अॅलर्जी असेल किंवा वय साठच्या वर असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि ती पिवळी पुस्तिका परत येतानाही लागते, नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनला ठेवतात.

घरच्यांसाठी वेगळं सांगते कारण बॅग भरताना सगळ्यांचं लक्ष भाकरवडी आणि मेतकुटाकडे असतं आणि ही गोष्ट राहून जाते. एक फाइल करा, तिच्यात पासपोर्ट, व्हिसा, कॉन्ट्रॅक्ट, इन्शुरन्सची कॉपी आणि कंपनीच्या इथल्या आणि तिथल्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरचा कागद. घरात एक प्रश्न ठरवा ज्याचं उत्तर फक्त मुलालाच माहीत असेल आणि जे फेसबुकवर कुठे सापडणार नाही, पणजीला कोण कोणत्या नावाने हाक मारायचं असं काहीतरी. कारण "तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, पैसे पाठवा" असा फोन खोटाही असू शकतो. फोन आला तर तो प्रश्न विचारायचा, पैशांचं काहीही कबूल करायचं नाही आणि लगेच कंपनीच्या नंबरवर फोन, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं नाही, पत्रकाराला सांगायचं नाही, कारण बातमी झाली की तिकडे खंडणीचा आकडा वाढतो. आणि तो तिकडे आहे तोवर त्याच्या साइटचे, गाडीचे, सुट्टीच्या तारखांचे फोटो स्टेटसला लावू नका, मला कळतं की अभिमान वाटतो, पण परत आल्यावर लावा. त्यानेही तिथे पोलीस, मिलिटरी, विमानतळ ह्यांचे फोटो काढायचे नाहीत.

आता मलेरिया, जो मला बंदुकीपेक्षा जास्त घाबरवतो. जगातल्या मलेरियाच्या साधारण चार केसेसपैकी एक एकट्या नायजेरियातली असते आणि तिथला बहुतेक फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार, जो काही दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. "आपल्याकडे काय डास नाहीत का" असं म्हणून मुलं गोळ्या सोडतात, हे ऐकलं की मला फार राग येतो. इथला मलेरिया अंगावर काढलाय म्हणून तिथला झेपेल असं काही नसतं. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिली तर ती रोज एक, निघायच्या एक-दोन दिवस आधीपासून, आणि परत आल्यावरही चार आठवडे. दुसऱ्या गोळ्यांचा हिशोब वेगळा असतो, तो विचारून घ्या. सगळी औषधं मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनबरोबर न्यायची.

आणि सुट्टीवर घरी आल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की मी नायजेरियाहून आलोय. बडोद्यात पावसाळ्यात ताप म्हटलं की डॉक्टर आधी डेंग्यू आणि व्हायरल बघणार, त्यात त्यांची काही चूक नाही, त्यांना कसं कळणार की हा माणूस मागच्या आठवड्यात कुठे होता. त्याच दिवशी मलेरियाची टेस्ट, स्मिअर (काचेवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती) आणि रॅपिड (किटवरची झटपट) दोन्ही. एक निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर दुसऱ्या दिवशी परत करायला सांगा, तिसऱ्या दिवशीही सांगा, आईने बरोबर जाऊन सांगा कारण तापात असलेला मुलगा भांडत बसणार नाही.