सात वर्षांनी पुन्हा कॉइल हातात

माळ्यावरून जुना मेटल डिटेक्टर, गॅरेट एस २५०, खाली काढला आणि पहिली शिवी स्वतःलाच घातली. ठेवताना सेल काढायचे राहिले होते. चारही डबल-ए सेल पाझरलेले, स्प्रिंगांवर पांढरट खरवड. अल्कलाइन सेलमधून येतं ते क्षारयुक्त, म्हणून कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये भिजवून हळूहळू पुसलं, कोरडं केलं, नवे सेल घातले. पठ्ठ्या चालू झाला!

शेतमालकाला विचारून नांगरलेल्या रानात दोन तास फिरलो. मिळकत: खिळे, नालेचा अर्धा तुकडा आणि डब्यांच्या झाकणांच्या त्या कड्या. हात तर सगळं विसरलेत. झोक्याच्या दोन्ही टोकांना कॉइल (दांड्याच्या टोकाची, धातू शोधणारी चकती) वर उचलली जात होती, म्हणजे आधीच कमी असलेली खोली मी आणखी कमी करत होतो. शिवाय एसला ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या खनिजांचा आवाज वगळण्याची जुळणी, कारखान्यात ठरवलेला, आपल्या हातात काही नाही. लालसर जमिनीत तो बडबडत राहिला.

मग नवीन यंत्राचा शोध सुरू झाला, आणि मी सुरुवातीलाच चुकलो. फक्त 'किती खोल जातं' एवढंच बघत होतो. नाण्याएवढ्या वस्तूसाठी चांगली यंत्रंही साधारण वीत-सव्वा वीत जातात. त्यापुढे जमीन, वस्तू कशी पडलीय आणि तुमचं नशीब. माझ्या रानांची अडचण खोलीची नाहीच, लोखंडाची आहे.

हे कळलं एका फळकुटामुळे. फळीवर चार खिळे आडवेतिडवे ठेवले, मधे एक तांब्याचं नाणं. एस ६.५ किलोहर्ट्झवर, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतो. कुठूनही फिरवा, खिळ्यांपुढे नाणं गप्प. मित्राचा डिटेक्टर, इक्विनॉक्स ८००, आणला. रिकव्हरी स्पीड, म्हणजे एका वस्तूनंतर पुढचीसाठी तयार व्हायचा वेग, ३ वर ठेवला तेव्हा नुसती खरखर. ७ वर नेला आणि एका बाजूने, फक्त एकाच बाजूने, मधेच बारीक टिंग ऐकू आलं. फळी नव्वद अंशांत फिरवली की गायब. पुन्हा फिरवली की हजर. अर्धा तास मी तेवढंच करत बसलो होतो, घरच्यांनी काय समजायचं ते समजावं.

कारण साधं आहे. एका वस्तूचा प्रतिसाद ओसरायच्या आत दुसरी आली तर दोन्ही मिसळतात आणि लोखंड वरचढ ठरतं. रिकव्हरी वाढवली की यंत्र लवकर मोकळं होतं, मात्र खोली थोडी जाते. मला तो सौदा मंजूर आहे.

शेवटी शर्यतीत तीन उरले: इक्विनॉक्स, एक्सपी डिउस २ आणि नोक्टा लेजंड. तिन्ही एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर काम करणारे, त्यामुळे ओल्या खाऱ्या वाळूतही निभावतात. डिउस हातात घेतला की खाली ठेवावासा वाटत नाही. कॉइलला वायरच नाही आणि वजन एक किलोच्याही आत. इक्विनॉक्स १.३४ किलोचा, तीन तासांनी माझं कोपर आठवण करून देतं. तरी घेतला लेजंड. मेनू मला दहा मिनिटांत समजला आणि सहा इंची कॉइल वेगळी लावता येते. खिळ्यांच्या रानात छोटी कॉइल एका वेळी कमी कचरा बघते. वजनाच्या बाबतीत मन मारलंय, हे कबूल.

धातू ओळखायला पडद्यावर जे आकडे येतात, त्यांवर मात्र विसंबणार नाही. झाकणाची कडी आणि सोन्याची अंगठी जवळपास एकच आकडा दाखवू शकतात, म्हणून मधले सिग्नल सगळे खणायचे, खड्डे नीट बुजवायचे.

पहिल्याच फेरीत अकरा इंची कॉइलवर एक पितळी बटण मिळालं, मागचं शिवायचं कडं अजून शाबूत. लोखंडाचा आवाज पूर्ण बंद न करता हळू ठेवला होता, म्हणून खिळ्याच्या गुरगुरीतून तो उंच सूर सुटून कानावर आला. आता छोटी कॉइल लावून तोच पट्टा आडवा तपासतोय.