आमची वाटचाल : "कसा पडला?" हे आम्ही आधी विचारतो

नमस्कार मंडळी, चिपळूणला बाजारपेठेत आमचं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, मी आणि धाकटा भाऊ दोघं मिळून बघतो. 2004 ला एका झेरॉक्सवाल्या काकांच्या दुकानात कोपऱ्यात टेबल मांडून सुरुवात केली, तेव्हा नोकिया 1100 चा जमाना. तो पडला की कव्हर एकीकडे, बॅटरी खाटेखाली, गोळा करून जोडला की परत चालू. ते सुटं होणंच त्याला वाचवायचं, आपटण्याचा जोर तुकडे उडण्यात निघून जायचा. त्यामुळे पडलेले फोन यायचेच कमी, यायचे ते पावसात भिजलेले.

2016 ला जिओ आलं, घराघरात मोठ्या काचेचे फोन आले आणि बघता बघता आमचं मुख्य काम फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्लेचा जोड, बदलणं होऊन बसलं. तेव्हा भावाने एक सवय लावली, बिल करताना वहीत एक ओळ लिहायची, फोन कसा पडला. गिऱ्हाईक आधी एवढंच म्हणतं "हातातून सटकला", पण जरा बसवून बोललं की खरं निघतं. पँटच्या मागच्या खिशात होता आणि बाईकवरून उतरताना वर आला. हेल्मेट आणि कानाच्या मधे खोचला होता. रात्री उशाशी चार्जिंगला लावला आणि कुशीवर वळताना वायर ओढली गेली. आणि आता सगळ्यात जास्त ऐकतो ते म्हणजे एका हातात भाजीची पिशवी, काखेत छत्री, आणि दुसऱ्या हाताने पेमेंट करताना अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचवायला फोन तळहातावर सरकवला, तिथेच गेला. पूर्वी फोन वाजला तरच खिशातून निघायचा, आता दहा रुपयांच्या कोथिंबिरीलाही निघतो. लोक निष्काळजी झालेत असं मी कधीच म्हणणार नाही, त्यांचे हात भरलेले असतात.

काच मजबूत असते हे खरंच आहे. ती पोटॅशियमच्या तापलेल्या क्षारात बुडवतात, काचेतले सोडियमचे छोटे कण बाहेर जातात, त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण घुसतात आणि वरचा थर दाबून घट्ट बसतो. पण तो थर अगदी पातळ, टोकदार खडा त्याच्या खाली गेला की तडा पळतोच. गुळगुळीत फरशीवर वाचलेला फोन आपल्या जांभ्यावर वाचत नाही तो त्यामुळे.

22 जुलै 2021 च्या पुरात दुकान बुडलं. मशिन, स्पेअर सगळं गेलं, वह्यांचा लगदा झाला. गिऱ्हाईकांचे रिपेअरिंगला ठेवलेले फोन चिखलातून काढून एकेकाला फोन करून सांगताना जीव कसनुसा व्हायचा, पण लोकांनी समजून घेतलं, ते मी विसरणार नाही. पाणी उतरल्यावर चिखल काढला आणि पहिली कुठली वस्तू आणली असेल तर नवी वही.

त्या वहीत एक आजी आहेत, आडगावातल्या. त्यांनी फोनला जुन्या साडीची पिशवी शिवलीय, नाडा गळ्यात, बोलून झालं की पिशवीत. आमच्याकडे आल्या त्या बॅटरी बदलायला, काचेवर एक चरा नव्हता! आणि त्याच आठवड्यात एक आंबे काढणारा दादा आला, झाडावर घळ (आंबे काढायची जाळी लावलेली काठी) सांभाळताना वाकला आणि शर्टाच्या खिशातला फोन खाली कातळावर, कोपऱ्यावरच. सीझनच्या तोंडावर मुकादमाचे फोन घ्यायचे आणि हातात हा चुरा. मी फोल्डर टाकला, पण आजींची पिशवी डोक्यात होती म्हणून कव्हरला भोक पाडून नाडा बांधून दिला.

तेव्हापासून प्रत्येक फोल्डरसोबत आम्ही नाडा देतो, पैसे घेत नाही. भाऊ म्हणतो धंदा कमी होईल, आणि झालाय पण थोडा. तो दादा यंदा एप्रिलमध्ये आला होता, फोन तोच, काच तीच, नाडा मात्र कळकट झाला होता म्हणून दुसरा मागायला.