पैठणीच्या रंगासाठी स्वतःचा फिल्टर बनवताना

साड्यांच्या फोटोग्राफीत पैठणीइतकं अवघड काम दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे. येवल्याच्या मागावरची धूपछाव पैठणी घ्या. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळे कापड जरा हललं की जांभळ्यातून राणी डोकावतो. वर जरीचा पदर, त्यात मोर आणि मुनिया, काठाला नारळी. कॅमेऱ्याने यातलं जे पकडलं ते पुढे संगणकावर बिघडू न देणं, यातच निम्मी मेहनत जाते.

दिवाळीच्या हंगामाआधी नाशिकच्या मेनरोडवरच्या एका साडीच्या दुकानाचं ऑनलाइन विक्रीसाठी फोटोंचं काम माझ्याकडे आलं. दुकानातल्या काकांची अडचण साधी होती. आधीच्या फोटोंवरून मागवलेल्या साड्या परत येत होत्या. "ताई, फोटो देखणा नसला तरी चालेल, खरा पाहिजे," ते म्हणाले. "बाई घरी घडी मोडते आणि म्हणते, ही ती साडीच नव्हे." मला हे मनापासून पटलं. एक पैठणी विणायला महिनोन्‌महिने जातात, आणि रंग चुकीचा दिसला म्हणून ती परत यावी हे विणकरावर अन्याय करणारं आहे.

प्रकाशयोजनेचं थोडक्यात सांगते. दोन्ही बाजूंनी मऊ प्रकाश, लेन्सवर चकाकी कमी करणारा पोलरायझर, प्रत्येक साडीच्या पहिल्या फ्रेममध्ये २४ चौकोनांचं रंगकार्ड, आणि जरीकाम जळणार नाही इतकं कमी एक्स्पोजर. जरीची चमक एकदा पांढरी होऊन गेली की कुठलंही सॉफ्टवेअर ती परत आणत नाही. फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या स्वरूपात, पुढचं सगळं काम १६ बिटमध्ये. ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनेलला फक्त २५६ पायऱ्या मिळतात आणि रेशमाच्या मऊ घड्यांवर त्या पट्टे होऊन दिसतात.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता. पोत उठून दिसण्यासाठी फिल्टर तर लावावा लागणारच. मग नेहमीचे फोटोशॉप प्लगइन, म्हणजे फोटोशॉपला जोडायचे तयार फिल्टर, वापरायचे, की स्वतः जुळवून घेता येणारं फिल्टर सॉफ्टवेअर?

प्लगइनबद्दल मला आदर आहे, कारण माझी पिढी त्यांच्यावरच हात बसवून मोठी झाली. निक कलेक्शन हा अशा प्लगइनचा संच २०१२ मध्ये गूगलकडे गेला, २०१६ मध्ये गूगलने तो फुकट केला, आणि तेव्हा नाशिकमधल्या कितीतरी स्टुडिओंत तो पोहोचला. पुढे २०१७ मध्ये तो डीएक्सओ या कंपनीने घेतला. त्यातली कंट्रोल पॉइंटची सोय मला आजही अप्रतिम वाटते. पदरावरच्या मोराच्या मानेवर एक बिंदू ठेवायचा, वर्तुळ लहान करायचं, की आसपासचा तसाच निळा तेवढा निवडला जातो, शेजारचं जरीकाम अलगद बाजूला राहतं. हाताने मास्क, म्हणजे निवडलेल्या भागाचा साचा, रंगवण्याचा त्रास वाचतो. शिवाय फोटोशॉपमध्ये २००७ च्या सीएस३ पासून स्मार्ट फिल्टर आहेत, म्हणजे साथ देणाऱ्या प्लगइनची सेटिंग नंतरही उघडून बदलता येते.

अडलं ते दुसरीकडेच. प्लगइन म्हणजे बंद डबी. फोटोशॉप त्याला पिक्सेल देतं, तो बदलून परत देतो. आत काय हिशेब झाला हे आपल्याला कळत नाही, आणि बनवणाऱ्याने जे स्लायडर दिले तेवढेच आपल्या हातात असतात. माझ्याकडच्या एका तयार प्लगइनमध्ये पोत वाढवणारा फिल्टर होता. दिसायला झकास, पण राणी रंग त्यातून बाहेर येताना कुंकवाकडे झुकायचा. आरजीबीत, म्हणजे लाल-हिरवा-निळा अशा तीन आकड्यांत, कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर असं का होतं, ते आकड्यांत लगेच दिसतं. समजा राणी रंगाचे लाल २००, हिरवा ३०, निळा ११० आहेत. मधल्या १२८ च्या वरचे आकडे कॉन्ट्रास्ट वर ढकलतो, खालचे खाली. लाल वाढला, हिरवा आणि निळा दोन्ही घटले. रंग भडक तर झालाच, शिवाय निळा कमी झाल्याने त्यातली राणीची छटाच गेली. लग्नाच्या फोटोत हे कुणाच्या लक्षातही येत नाही, उलट लोक खूश होतात. इथे मात्र त्याच छटेवर साडी ठेवायची की परत पाठवायची हे ठरत होतं.

आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगते. जुने ३२ बिटचे प्लगइन ६४ बिटच्या फोटोशॉपमध्ये चालत नाहीत. बनवणाऱ्याने नवी आवृत्ती काढली नाही, तर तुमची वर्षानुवर्षांची ठरलेली छटा नव्या संगणकावर मिळतच नाही. दर हंगामाला त्याच दुकानाचं काम करायचं असेल तर ही जोखीम लहान नाही.

मग दुसऱ्या बाजूची दोन सॉफ्टवेअर लावून पाहिली.

पहिलं फिल्टर फोर्ज. यात फिल्टर म्हणजे ठोकळ्यांचं जाळं असतं. एक ठोकळा नॉइज, म्हणजे विस्कळीत ठिपके, तयार करतो, दुसरा त्याला वळवतो, तिसरा रंग देतो, आणि सगळे तारांनी जोडलेले. कुठलाही तयार फिल्टर उघडून त्याच्या आतलं जाळं बघता येतं, बदलता येतं. पोत बनवण्यात याचा हात धरणारं दुसरं मी वापरलेलं नाही. काळाराम मंदिराच्या काळ्या दगडाचा पोत मला पदराच्या क्लोजअपमागे हवा होता, म्हणून मंदिरात जाऊन दगड नीट न्याहाळला. छिन्नीच्या बारीक खुणा, मधूनच राखाडी ठिपके, सांध्यांजवळ गडद होत गेलेला रंग. हे एकेक करून ठोकळ्यांत उतरवलं. तयार झालेला पोत कितीही मोठ्या आकारात काढता येतो आणि कडा एकमेकींना बेमालूम जुळतात. काळ्या दगडावर जरीकाम असं काही उठतं की काकांनी तेच पान आधी छापायला घेतलं. फक्त जाळं मोठं झालं की संगणक दमतो. मोठ्या फाइलला बराच वेळ लागतो, हे धरून चाला.

रंगाचं मूळ काम मात्र जी'मिकने केलं. फ्रान्समधल्या कां शहरातल्या ग्रेक या संशोधन प्रयोगशाळेतून २००८ मध्ये हे बाहेर आलं. मुक्त सॉफ्टवेअर आहे, एक पैसा लागत नाही. गिम्प आणि क्रिटा या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते प्लगइन म्हणून बसतं, त्यात पाचशेहून जास्त तयार फिल्टर आहेत. पण माझ्यासाठी मोलाची गोष्ट वेगळी होती. यात स्वतःची आज्ञा (कमांड) साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिता येते आणि तीच आज्ञा फोटोशॉप किंवा गिम्प न उघडता अख्ख्या फोल्डरवर चालवता येते.

माझा फिल्टर असा घडला. आधी चित्र आरजीबीतून लॅब या रंग मांडायच्या दुसऱ्या पद्धतीत न्यायचं. लॅबमध्ये उजेड एका चॅनेलमध्ये असतो आणि रंग उरलेल्या दोघांत, ए आणि बी. पोत वाढवायचा तो फक्त उजेडाच्या चॅनेलमध्ये, ए आणि बीला हात लावायचा नाही. मग जरीसाठी मास्क. जिथे उजेड जास्त आणि बी पिवळ्याकडे झुकलेला, तो भाग निवडायचा, त्याच्या कडा मऊ करायच्या, आणि तिथे पोताचं प्रमाण कमी ठेवायचं, म्हणजे जरीकाम कचकचीत दिसत नाही. शेवटी पुन्हा आरजीबी, वेबसाठी त्यातली एसआरजीबी ही ठरलेली रंगकक्षा.

ऐकायला सरळ वाटतं, पण प्रमाण ठरवण्यात बराच काळ गेला. उजेड वाढवून ए-बी तसेच ठेवले की रंग डोळ्यांना किंचित फिका वाटतो. आणि गडद, भरलेल्या रंगात उजेड फार हलवला तर तो रंग एसआरजीबीच्या कक्षेबाहेर जातो. मग संगणक त्याला कापून आत बसवतो, आणि छटा पुन्हा सरकते. मोरपंखी आणि चिंतामणीवर हे सगळ्यात आधी दिसलं. म्हणून गडद भागात फिल्टरचा जोर आपोआप कमी होईल अशी एक ओळ वाढवली. ही एक ओळ कुठल्याही तयार प्लगइनच्या स्लायडरमध्ये मला मिळाली नसती, आणि सगळा फरक तिने पाडला.

तपासणी दोन प्रकारे केली. एक, रंगकार्डावरच्या चौकोनांचे ए-बी आकडे फिल्टरच्या आधी आणि नंतर जुळतात का. दोन, काकांच्या दुकानाच्या दारात, उघड्या उजेडात साडी धरून शेजारी कॅलिब्रेट केलेला लॅपटॉप. काकांच्या घरच्या काकू तिथे होत्या. त्यांनी पदर उलटा करून पाहिला, पुन्हा स्क्रीन पाहिली आणि म्हणाल्या, "हां, हा वांगी आहे. आधीच्यात जांभळा दिसत होता." मला हीच पावती हवी होती.

आता हंगामाचं काम असं चालतं. माझी सहायक दिवसभराचे फोटो रॉमधून काढून एका फोल्डरमध्ये टाकते, संध्याकाळी आज्ञा चालवते, सकाळी सगळे तयार. फिल्टरची फाइल तारखेसकट जपून ठेवली आहे. पुढच्या वर्षी त्याच वाणाची साडी आली तरी तिला अगदी हीच प्रक्रिया मिळेल, आणि कुणी विचारलं तर ओळ दाखवून सांगता येईल की रंगाला कुठे हात लागला आणि कुठे नाही.

प्लगइन मी टाकून दिलेले नाहीत. रामकुंडावर पहाटे काढलेले कृष्णधवल फोटो मी आजही निक कलेक्शनमधल्या सिल्व्हर इफेक्समध्येच करते. तिथे एकेका चित्राशी बसून, डोळ्याने ठरवत जायचं असतं, आणि त्या कामाला कंट्रोल पॉइंटच्या तोडीचं दुसरं साधन नाही. पैठणीतसुद्धा मोर आणि जरीकाम अगदी चिकटून असेल तिथे माझा मास्क फसतो, मग तेवढा तुकडा प्लगइनमध्ये हाताने करते. ज्याला महिन्याकाठी चार-दोन फोटोच करायचे आहेत त्याने आज्ञा लिहीत बसू नये, असंच मी सांगेन. आणि शिकायचं असेल तर जी'मिकमधला एखादा छोटा तयार फिल्टर निवडून त्याच्या मूळ मजकुरात एकच आकडा बदलून पाहा, परिणाम डोळ्यांनी बघा, मग पुढचा.

सध्या तांबट लेनमधल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचं काम हातात आहे. तिथे ए-बीला हात न लावण्याचा नियम चालत नाही, कारण घासलेलं पितळ समोरच्या भिंतीचा, माझ्या ओढणीचासुद्धा रंग उचलतं. म्हणून चमकत्या भागातला परका रंग ओळखून तेवढाच कमी करणारा वेगळा फिल्टर लिहायला घेतला आहे. तांब्यावर तो बरा चालतो, पितळेवर अजून हिरवट झाक राहते.