रद्द केलेली एक नसबंदी

पुण्याच्या उपनगरातील माझ्या दवाखान्यात त्या सकाळी, रस्त्यावरून घरी आणून वाढवलेली एक तरुण गावठी कुत्री नसबंदीसाठी आली होती. ती रात्रीपासून उपाशी होती, ताप नव्हता, हिरड्या गुलाबी होत्या. भूल देण्याआधीच पोटावरचे केस काढण्याची माझी पद्धत आहे आणि ही कुत्री स्वभावाने शांत असल्यामुळे ते सहज जमले. केस निघाल्यावर मांडीच्या आतल्या बाजूस टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले.

माझ्या सहायकाला ते पिसवांचे चावे वाटले. मी काचपट्टी त्या ठिपक्यांवर दाबून धरली. चाव्याची लाली दाबल्यावर फिकी पडते, कारण ते रक्त वाहिनीच्या आतच असते. हे ठिपके काचेखाली जसेच्या तसे राहिले. रक्त वाहिनीबाहेर झिरपत होते.

नमुना मानेच्या मोठ्या शिरेतून न घेता पुढच्या पायातून घेतला, कारण प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, कमी असतील तर मानेतला रक्तस्राव दाबून थांबवणे अवघड जाते. यंत्राने प्लेटलेटची संख्या 22,000 दाखवली. निरोगी कुत्र्यात ती साधारणपणे दोन लाखांच्या पुढे असते. परंतु प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या तर यंत्र त्या मोजत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढला, रंगवला आणि त्याच्या विरळ कडेला आधी गुठळ्या शोधल्या. त्या नव्हत्या. मग सूक्ष्मदर्शकाच्या तेलाच्या भिंगाखाली मोजणी केली. दृष्टिक्षेत्रात सरासरी एक प्लेटलेट दिसली तर रक्तात सुमारे 15,000, असा हिशेब असतो. निरोगी रक्तात दहा-पंधरा तरी सहज दिसतात; येथे एक किंवा दोन. कानाच्या टोकाच्या रक्ताचीही एक पट्टी केली, कारण बबेशिया या गोचिडीतून येणाऱ्या रोगाचे परजीवी तेथील बारीक वाहिन्यांत सापडण्याची शक्यता अधिक असते. ते आढळले नाहीत. गोचिडीतूनच येणाऱ्या एर्लिकिया या जंतूची कार्ड चाचणी मात्र पॉझिटिव्ह आली. ही चाचणी जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे दाखवते आणि ती जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गानंतरही महिनोन्‌महिने टिकतात; त्यामुळे नुसत्या कार्डावर निदान ठोकणे चूक आहे. काचपट्टीला खर्च नगण्य येतो, तरीही आमच्या व्यवसायात ती मागे पडत चालली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

"अहो डॉक्टर, हिच्या अंगावर एकही गोचीड नाही, तुम्हीच बघा," कुत्रीला घेऊन आलेल्या बाई म्हणाल्या. खरोखरच नव्हती.

"ताई, मागे कधी ताप आला होता का?"

"उन्हाळ्यात आला होता. चार दिवस जेवली नाही. ओळखीच्या एकांनी डॉक्सी सांगितली, मेडिकलमधून आणून पाच दिवस दिली. मग अगदी ठणठणीत झाली."

त्या एका उत्तरात सगळा उलगडा होता. गोचीड चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, कुत्रे मलूल होते, गळ्याच्या गाठी सुजतात. तोपर्यंत ती गोचीड केव्हाच गळून पडलेली असते. अर्धवट उपचाराने किंवा आपोआपही ताप उतरतो, पण जंतू शरीरात राहू शकतो आणि कुत्रे महिने किंवा वर्षे वरकरणी निरोगी दिसते. पुढे काहींचा घोळणा फुटतो, डोळे गढूळ होतात, आणि अस्थिमज्जाच निकामी झाली तर आमच्या हाती फारसे काही उरत नाही. कॉफीच्या रंगाची लघवी आणि पांढऱ्या हिरड्या दिसल्या तर बबेशियाचा विचार करून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. चिठ्ठीशिवाय पाच गोळ्या देणारा औषधविक्रेता उपकार करत नाही, रोग झाकतो.

शस्त्रक्रिया रद्द केली. दिवस वाया गेला म्हणून बाई नाराज झाल्या. ते मला समजत होते, तरी 22,000 प्लेटलेट असलेल्या पोटात सुरी घालणे मला मान्य नव्हते. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा, म्हणजे बाईंच्या त्याच डॉक्सीचा, पूर्ण 28 दिवसांचा कोर्स दिला. गोळी नेहमी अन्नाबरोबर आणि मागोमाग पाणी, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर जखम करते.

घराबद्दलही सविस्तर बोलले. आपल्याकडची तपकिरी गोचीड भिंतींच्या भेगांत चढून बसते आणि एक मादी हजारो अंडी घालते; त्यामुळे कुत्र्याला औषध लावून घर तसेच ठेवले तर काही आठवड्यांत नवी पिढी हजर होते. एर्लिकिया चाव्यानंतर काही तासांतच रक्तात उतरू शकतो, म्हणून संध्याकाळी चिमट्याने गोचिडी काढणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. वजनानुसार गोळी किंवा मानेवर टाकायचे औषध वर्षभर, तारखा चुकवू न देता द्यावे लागते. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले औषध आणूच नये. ते मांजराच्या जिवावर बेतते.

दुसऱ्या आठवड्यात तिच्या प्लेटलेट लाखाच्या पुढे गेल्या. मला अस्वस्थ करते ते निराळेच. या कुत्रीचे पोट गोरे होते. काळ्या कातडीवर ते ठिपके मला दिसले नसते, आणि स्वस्तात पडावे म्हणून रक्ततपासणीविना होणाऱ्या नसबंद्यांमध्ये अशा किती कुत्र्या टेबलावर येत असतील, हा विचार जात नाही. आता माझ्याकडे प्रत्येक शस्त्रक्रियेआधी काचपट्टी होते, तिचे वेगळे पैसे मी घेत नाही. हिची नवी तारीख अजून दिलेली नाही. कोर्स संपून महिना झाल्यावर पुन्हा मोजणी करायची आहे.