‘नो’ म्हणून पुढं निघून गेलं

सोलारिस मशीनवर विम हा एडिटर सोर्सपासून बांधायचा होता, पोटात पर्ल ही भाषाही घेऊन. त्यासाठी आधी कॉन्फिगर चालवायचं, म्हणजे मशीनवर काय काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट. दिवसभर तिची एकच ओळ डोक्यात घोळतेय. ‘चेकिंग इफ कंपाइल अँड लिंक फ्लॅग्ज फॉर पर्ल आर सेन’ (कंपायलरला द्यायचे पर्लचे फ्लॅग, म्हणजे सूचना, ठीक आहेत का), आणि समोर उत्तर: ‘नो: पर्ल डिसेबल्ड’. एवढं बोलून कॉन्फिगर पुढच्या प्रश्नाकडे वळलं. शेवटपर्यंत गेलं, मेक (म्हणजे बांधणी) झालं, मेक इन्स्टॉल झालं, कुठं हाक ना बोंब. विम उघडून ‘:पर्ल’ टाइप केल्यावर मात्र ई३१९: क्षमस्व, ही कमांड या आवृत्तीत नाही.

नाही तर नाही, त्याचं काही वाटत नाही. लागतंय ते पुढं निघून जाणं. ‘--एनेबल-पर्लइंटर्प=यस’, म्हणजे पर्ल हवं, असं स्वच्छ लिहून दिलं होतं. हॉटेलात मिसळ मागवावी आणि पाव संपलेत हे न सांगता पोऱ्यानं नुसती तर्री आणून ठेवावी, तसं झालं हे.

आणि तयारी यथासांग होती. सोलारिस १० (सनची युनिक्स), स्पार्क प्रोसेसर, विम ७.४. पाथमध्ये (कमांड जिथं शोधल्या जातात त्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत) आधी ‘/यूएसआर/एसएफडब्ल्यू/बिन’, कारण जीसीसी ३.४.३ हा कंपायलर, जीमेक आणि जीटार तिथं असतात. मग ‘/यूएसआर/सीसीएस/बिन’, कारण एआरसारखी बांधणीची हत्यारं तिथं असतात. ‘/यूएसआर/यूसीबी’ पाथमध्ये नाहीच. तिथला सीसी म्हणजे नुसती पाटी आहे. कंपायलरचं पॅकेज टाकलेलं नाही एवढंच तो सांगतो आणि कॉन्फिगर म्हणतं की कंपायलरला प्रोग्रॅम बनवता येत नाही. विमच्या फीचर्सचा संच ‘ह्यूज’, कारण ‘टायनी’ आणि ‘स्मॉल’मध्ये पर्ल बसतच नाही. कॉन्फिगर चालवणारा शेल म्हणून बॅश, कारण सोलारिस १०चा ‘/बिन/एसएच’ अजून जुन्या बॉर्न शेलच्या जमान्यात आहे.

खरं कारण पडद्यावर दिसत नाही. ते ‘सोर्स/ऑटो/कॉन्फिग डॉट लॉग’मध्ये असतं. तिथं जीसीसीची तक्रार सापडली: ‘लँग्वेज आर्च=व्ही८ नॉट रेकग्नाइझ्ड’. वाचून आधी हसूच आलं. सोलारिसबरोबर येणारं पर्ल ५.८.४ सनच्या स्टुडिओ कंपायलरनं बांधलेलं आहे, आणि आपण कोणत्या फ्लॅगांनी बांधलो गेलो हे पर्ल जपून ठेवतं. विमचं कॉन्फिगर ते फ्लॅग ‘एक्सटीयूटिल्स::एम्बेड’ या पर्लच्या मॉड्यूलमार्फत मागून घेतं आणि जीसीसीच्या हातात देतं. त्यात ‘-एक्सआर्च=व्ही८’ असतो. स्टुडिओच्या लेखी तो प्रोसेसरचा प्रकार. जीसीसीच्या लेखी ‘-एक्स’ म्हणजे पुढच्या फाइलची भाषा. म्हणून ते ‘आर्च=व्ही८’ नावाची भाषा शोधत बसतं. अशी भाषा नाही, चाचणीचा प्रोग्रॅम बनत नाही, आणि कॉन्फिगर लिहितं: नो.

म्हणजे पर्ल आहे, त्याची लायब्ररी आहे, जीसीसी आहे. दोघांची एकमेकांशी गाठ पडत नाही, इतकंच. आणि एवढं सगळं त्या एका ‘नो’त गाडलेलं.

पाटीलसाहेब म्हणाले, “अहो, व्हीआय आहे की तिथं.” आहे, विमचा तो जुना पूर्वज. मशीन तरी किती दिवसांचं, हेही ते म्हणाले असते, पण तेवढ्यात फोन आला. असो.

पुन्हा तेच मनात येतंय. टर्मिनलची लायब्ररी नसेल तर हेच कॉन्फिगर कसं वागतं? त्यातलं टीगेटएंट हे फंक्शन सापडलं नाही की जागच्या जागी थांबतं आणि वर सुचवतं, एनकर्सेससारखी लायब्ररी टाका म्हणून. म्हणजे थांबता येतं याला. फक्त आपल्या मागणीसाठी थांबावंसं वाटत नाही.

पण पर्यायांची यादी नीट खाली सरकवत गेलं की भेटतो ‘--एनेबल-फेल-इफ-मिसिंग’. मागितलेलं मिळालं नाही तर थांब, हे सांगण्याची सोय. लुआ, पर्ल, पायथन, टीसीएल, रुबी, सगळ्यांना लागू. मुळात बंद ठेवलेली. आपण ज्याला तुसडेपणा म्हणत होतो तो नुसता डिफॉल्ट निघाला. यावर रुसून तरी कुठं जाणार.

पर्ल हवंच असेल तर दोन वाटा आहेत. एक, स्टुडिओचा सीसी असेल तर सीसी=सीसी देऊन विमही त्यानंच बांधावं; मग फ्लॅग ओळखीचे. दुसरी, जीसीसीनं स्वतःचं पर्ल घरच्या डिरेक्टरीत बांधावं आणि पाथमध्ये सर्वांत पुढं आणावं. ‘पर्लजीसीसी’ नावाची सोय सोलारिसमध्ये आहे, पण ती पर्लची मॉड्यूल बांधण्यासाठी. विमचं कॉन्फिगर तिला विचारत नाही. आणि पाथ बदलला तरी नुसतं पुन्हा कॉन्फिगर चालवून भागत नाही. ‘ऑटो/कॉन्फिग डॉट कॅश’मध्ये जुन्या पर्लचा पत्ता लिहिलेला असतो, समोर ‘कॅश्ड’ असा शिक्का मारून ते तोच पुन्हा उचलतं. आधी मेक डिस्टक्लीन, मग बाकीचं. ही कॅशची फाइल जिथं ठरते त्या छोट्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये ऑटोकॉन्फला चक्क मूर्ख म्हणणारी एक कॉमेंट आहे. ती वाचून बरं वाटलं.

मी मात्र दोन्ही वाटा सोडल्या. लागणार होतं काय, तर ‘:पर्लडू’, म्हणजे मजकुराच्या एकेका ओळीवर पर्ल चालवणं. विमच्या पोटातलं पर्ल तेव्हाच लागतं, जेव्हा पर्लमधून विमचे बफर, विंडो हलवायच्या असतात. नुसता मजकूर गाळून घ्यायचा तर ‘:%!पर्ल -पीई’ पुरतं. बाहेरचं पर्ल, कुठल्याही कंपायलरनं बांधलेलं, चालतं. दोन गोष्टी मात्र आधी बघायच्या. बाहेरच्या कमांडचं उत्तर कसं पकडायचं हे ठरवणाऱ्या विमच्या ‘शेलरीडायर’ या पर्यायाची किंमत मुळात अशी असते की पर्लच्या वॉर्निंगसुद्धा मजकुरात येऊन पडतात; ती नुसती ‘>’ करून टाकायची. आणि ‘!’नंतरच्या कमांडमध्ये टक्क्याचं चिन्ह आलं की विम तिथं चालू फाइलचं नाव भरतं. पर्लच्या हॅशांची (जोड्या ठेवणाऱ्या व्हेरिएबलांची) नावं टक्क्यानंच सुरू होतात. प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश द्यायचा. विसरलाच, तर यू दाबून मजकूर परत आणायचा आणि पुन्हा टाइप करायचं.