जुनी सेव्ह

रविवार, रात्रीचे पावणेबारा

बाळ्याचं एक वाक्य सकाळपासून कुसळासारखं रुतून बसलंय. पोह्यांची बशी हातात, डोळे लॅपटॉपवर, आणि सहज बोलून गेला, "मामा, आता भारी झालाय रे हा गेम. आधी म्हणे नुसता भंगार होता." ताई आतून लिंबू घ्या म्हणून ओरडत होती. मी "हं" म्हणालो आणि लिंबू पिळत बसलो.

त्या "हं"चं वाईट वाटतंय. याच शब्दावरून मी माझ्या मित्राशी, नानाशी, रात्र रात्र भांडलोय. आज तोंडातून आवाज फुटला नाही.

सायबरपंक २०७७ भंगार होता तेव्हा मी त्यात राहत होतो. खेळत होतो असं लिहायला हवं, पण मी राहतच होतो. २०२० चा डिसेंबर. दोघे रूममेट मार्चमध्ये गावाला गेले ते परत आले नव्हते. कारवेनगरचा फ्लॅट रिकामा, दिवसभर ऑफिसचे कॉल, रात्री मेसचा गार डबा. २०१३ मध्ये पहिला ट्रेलर आला तेव्हा मी बाळ्याच्याच वयाचा होतो, म्हणजे वाट पाहण्यात सगळी विशी गेली. मग तारखाही पुढे पुढे सरकल्या. १६ एप्रिल, मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर, शेवटी १० डिसेंबर. पीसीवर आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होणार होता. मी पाचलाच उठून चहा करून बसलो होतो. अंगावर शाल, बाहेर अंधार.

माझ्याकडे १०६० हे ग्राफिक्स कार्ड होतं. सेटिंग खाली आणल्यावर गेम बऱ्यापैकी चालायचा. फोनवरून बाईक बोलावली की कधीकधी भिंतीत रुतलेली यायची. रस्त्यावरची माणसं हात पसरून पुतळ्यासारखी उभी राहायची. पोलीस तर हवेतून पाठीमागे उभे राहायचे. मला हे सगळं दिसत होतं, मी आंधळा नव्हतो. पण मेगाबिल्डिंगमधल्या आपल्या खोलीत व्ही, म्हणजे गेममध्ये आपण जी असतो ती, जागी होते, खिडकीपाशी जाऊन उभी राहते, आणि खाली ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं खोटं शहर लखलखत पसरलेलं असतं. सगळं विकत मिळणारं, शरीरसुद्धा. हात काढून लोखंडाचा बसवा, डोळे बदला, हप्ते भरा. डोक्यात एक चिप, त्या चिपमध्ये एक मेलेला माणूस, आणि तो आपल्याला आतून हळूहळू पुसत चाललाय. त्या डिसेंबरात रिकाम्या फ्लॅटमध्ये बसून मला हे दूरच्या भविष्यातलं वगैरे वाटलं नाही. काय वाटलं ते तेव्हाही नीट सांगता आलं नव्हतं.

गेममधल्या ज्युडीचं ते पाण्याखालचं मिशन. तिचं लहानपणीचं गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं असतं आणि ती व्हीला घेऊन पाणबुड्यांचा पोशाख चढवून खाली उतरते. चर्च, खाणावळ, घरं, सगळं गढूळ हिरव्या पाण्यात उभं. माझी आजी पळसदेवची. उजनीचं पाणी उन्हाळ्यात खूप खाली गेलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं, तेव्हा आजोबा तिला होडीतून न्यायचे. लहानपणी एकदा मीही होतो. देवळापासून थोडं पुढे पाण्याकडे बोट दाखवून ती म्हणाली होती, "तिथं आपली चूल." तिथे नुसतं पाणी होतं. ज्युडी बोट दाखवते तेव्हाही तसंच बोलते. मी कंट्रोलर खाली ठेवून कितीतरी वेळ बसून राहिलो. हे मी नानाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

नानाचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्याकडे जुना प्लेस्टेशन ४. त्याच्या पडद्यावर माणसांचे चेहरे मेणासारखे, ओळखीचा माणूस समोर येऊन बोलायला लागला तरी नाक-डोळे मागाहून उमटायचे. तासाभरात गेम बंद पडायचा. तो रात्री अकराला फोन करायचा आणि सरळ सुरू व्हायचा. "तुला दिसतंय ते मला दिसत नाहीये. मला काय दिसतंय ते तू बघत नाहीयेस." त्याचा मुख्य राग बिघाडावर नव्हताच, लपवाछपवीवर होता. बाजारात यायच्या आधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत दिली होती, जुन्या कन्सोलवर काय अवस्था आहे ते कुणाला बघूच दिलं नव्हतं. ८० लाख लोकांनी आगाऊ नोंदणी केलेली. आठवडाभरात सोनीनं गेम आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. इतका मोठा गेम असा काढून टाकलेला मी तरी पाहिला नव्हता. जानेवारीत गेम बनवणाऱ्या कंपनीच्या सहसंस्थापकानं कॅमेऱ्यासमोर येऊन माफी मागितली. नाना म्हणाला, "बघ. आता तरी मान."

मी मानलं नाही. मी म्हणायचो, आत खूप काही आहे, तू थांब जरा. तो म्हणायचा, "वकिली करू नकोस." मी म्हणायचो वकिली नाही. मग काय ते मात्र मला सांगता यायचं नाही. एखाद्याला कुणी नावं ठेवत असलं आणि ती खरी असली, तरी आपण मध्ये पडतो, तसं काहीतरी.

नानाला आता विचारायची सोय नाही. ते आज नको.

तर सकाळी बाळ्या ते वाक्य बोलला आणि मला वाटलं, मी जिंकलो की. लोक शेवटी माझ्या बाजूला आले. २०२३ च्या सप्टेंबरात २.० हे मोठं अपडेट आलं, पाठोपाठ फँटम लिबर्टी ही जोडकथा आली, आणि ज्यांनी शिव्या घातल्या होत्या तेच आता डोक्यावर घेऊन नाचतायत. पोलीस आता गाड्यांतून नीट पाठलाग करतात. त्याच वर्षअखेरीस मेट्रोसुद्धा सुरू झाली. त्याआधी स्टेशनवर जाऊन फक्त पुढचं ठिकाण निवडायचं, डोळे मिटल्यासारखं तिथे पोचायचं. आता खिडकीशी बसून शहर बघता येतं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट कुणीतरी आपलं जुनं भाड्याचं घर पाडून तिथे चकाचक बिल्डिंग बांधावी आणि वर आपल्यालाच म्हणावं, "बघा, आता कसं छान दिसतंय," तसं वाटत राहिलं.

ताईकडून आल्यावर बॅगसुद्धा न सोडता पीसी लावला. अपडेट उतरायला दोन तास. मग जुनी सेव्ह, म्हणजे तेव्हा जिथवर खेळलो होतो ती नोंद, उघडली. फेब्रुवारी २०२१. नानाशी शेवटचं भांडण झालं त्याच आठवड्यातली.

२.० मध्ये कौशल्यांची सगळी रचनाच बदललीय, त्यामुळे जुन्या सेव्हमधले पर्क, म्हणजे शिकलेली कौशल्यं, काढून घेऊन त्यांचे पॉइंट परत हातात ठेवतात. नव्याने सुरुवात करा असाच सल्ला तेव्हा दिला होता, मी तो वाचलाही होता. तरी उघडल्यावर धस्स झालं. एकेक करून भरलेली ती कौशल्यांची झाडं मोकळी. माझी व्ही कटाना घेऊन कशी लढायची, काय शिकली होती, कुठल्या आठवड्यात काय शिकली होती, सगळं पुसलेलं. चिलखताची ताकद पूर्वी कपड्यांत असायची, म्हणून आम्ही अंगावर काहीही चढवायचो, गुलाबी टोपी, पिवळं जॅकेट, जे मजबूत ते. आता ती ताकद शरीरात बसवलेल्या यंत्रांत गेलीय. तर ती तिथे उभी, त्याच विजोड कपड्यांत, आणि ते कपडे आता काहीच अडवत नाहीत. आरशासमोर नेलं तिला. चेहरा तोच होता. त्वचा आणि प्रकाश इतका सुंदर झालाय की थोडी परकी वाटली.

मग रडू आलं, लिहूनच टाकतो. एका गेमसाठी, या वयात. मला वाटलं, मी ज्यावर जीव लावला ते आता कुठेच नाही. ज्याला भंगार म्हणत होते तेच माझं होतं. आता सगळ्यांना आवडतं ते दुसरंच काहीतरी आहे. आणि नानाशी ज्याच्यावरून भांडलो ती वस्तूच जागेवर उरली नाही, मग ते भांडण कुठे ठेवायचं? बरोबर कोण होतं हे आता कुणी ठरवू शकत नाही. एकटाच साक्षीदार उरलोय, आणि पुरावा अपडेटमध्ये गेला.

असाच बसलो होतो बराच वेळ. मग एक गोष्ट आठवली आणि ती मी इतकी वर्षं कशी विसरलो कळत नाही. २.० जुन्या कन्सोलवर आलंच नाही. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनला १.६ च्या आसपासचे शेवटचे दुरुस्तीचे पॅच मिळाले आणि थांबलं. फँटम लिबर्टीही तिथे नाही. म्हणजे ज्यांचं सगळ्यात जास्त बिघडलं होतं, त्यांच्यापर्यंत ते "आता भारी झालाय" पोचलेलंच नाही. नानाचं मत बदलायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या डिस्कमध्ये होतं ते थोडंफार दुरुस्त होऊन तिथेच राहिलं. तो खोटं बोलत नव्हता. मीही नव्हतो. आम्ही दोन वेगवेगळ्या गेमांना एकाच नावानं हाक मारत होतो आणि एकमेकांवर चिडत होतो. "मला काय दिसतंय ते तू बघत नाहीयेस." त्यानं पहिल्याच रात्री सांगितलं होतं.

एकदा तरी त्याच्याकडे जाऊन, त्याच्या टीव्हीसमोर बसून तासभर खेळायला हवं होतं. सिंहगड रोडवर तर राहायचा.

दहाच्या सुमारास बाळ्याचा फोन. आवाज बसलेला.

"मामा, जॅकी गेला रे."

मी म्हटलं, माहितीये. जॅकी म्हणजे गेममधला व्हीचा जिवलग दोस्त.

"टॅक्सीतल्या डेलामेननं विचारलं कुठे नेऊ. मी त्याला घरी पाठवला, आईकडे."

बरं केलंस म्हणालो. मी २०२० मध्ये व्हिक्टरकडे पाठवला होता. डॉक्टरच तो, करेल काहीतरी, अशी वेडी आशा. तिथून अरासाका कंपनीची माणसं देह उचलून घेऊन गेली आणि त्याच्या आईला निरोप द्यायलाही काही उरलं नाही. नानानं आईकडे पाठवलेला. त्याच्या आईच्या कोयोटे कोहो बारमध्ये सगळे जमतात, त्याच्या वस्तूंतली एक निवडून ठेवायची असते, चार शब्द बोलायचे असतात, हे सगळं मला नानाकडूनच कळलं. तो प्रसंग त्याला चेहरे न उमटलेल्या माणसांत बघावा लागला. तरी सांगताना आवाज जड झाला होता त्याचा. गेमला शिव्या घालता घालता मध्येच थांबून म्हणाला होता, "आईकडे पाठवायचं ना रे."

म्हणजे त्यालाही ते लागलं होतं. माझ्या हे आज ध्यानात येतंय.

बाळ्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "पण मामा, एक सांगू? जॅकीबरोबर एवढंच? सुरुवातीला भेटला, मग सहा महिने नुसते भराभर दाखवले, गाणं लावून, आणि लगेच ती चोरी, आणि मेला. मला त्याच्याबरोबर राहायचं होतं ना ते सहा महिने."

मी काहीच बोललो नाही. शब्दाला शब्द नानाचं वाक्य. नाना म्हणायचा, क्रॅश जाऊ दे, पॅच येईल. पण मैत्री झालेली दाखवायच्या जागी त्यांनी ती उरकून टाकली, तिला पॅच नाही. व्हीच्या तीन पार्श्वभूमी, कॉर्पो, नोमॅड, स्ट्रीट किड, कुठूनही सुरुवात करा, अर्ध्या तासात तिन्ही वाटा त्याच सहा महिन्यांवर येऊन मिळतात आणि ते सहा महिने मिनिटभरात उडून जातात. मी तेव्हा हे मान्य केलं नव्हतं. खरं तर सगळ्यात जास्त हेच मला खुपलं होतं, म्हणूनच केलं नसेल.

तर ते अजून तिथेच आहे. तीन वर्षं दुरुस्त्या करून, कौशल्यांची झाडं उपटून, पोलीस आणि मेट्रो नव्यानं बसवूनसुद्धा तो खड्डा तसाच. आणि काल-परवा सुरू केलेल्या पोराचा पाय बरोबर त्यातच पडला. का कुणास ठाऊक, मला हलकं वाटलं. जुन्या घराची एक भिंत तरी आहे जागेवर.

"त्या तुझ्या मित्राला आवडला होता का हा गेम?" बाळ्यानं विचारलं.

"नव्हता," मी म्हटलं. मग म्हटलं, "जॅकी आवडला होता."

"मामा, व्हीच्या फोनमध्ये जॅकीचं नाव अजून आहे. लावून बघू?"

मी म्हटलं, लाव.

त्यानं मोबाइल लॅपटॉपजवळ धरला असावा. व्हीचा आवाज ऐकू आला, बाळ्याची व्ही, माझ्यासारखीच मुलगी घेतलीय त्यानं. पलीकडे कुणी उचलत नाही, निरोप ठेवायला सांगतं, आणि ती बोलत राहते. मी तो फोन पूर्वी खूप वेळा लावलाय. निरोप संपला तरी आम्ही दोघं काही बोललो नाही.

"उचलत नाही," बाळ्या म्हणाला.

"नाही."

मग मी सांगितलं, आईला म्हणावं डबा माझ्याकडेच राहिलाय, मंगळवारी आणून देतो.