जळगावात घरच्या घरी पर्कोलेटरची कॉफी : माझा अनुभव

आमच्याकडे खानदेशात घरची कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, साखर सढळ हाताने घातलेली आणि वरून जायफळ किसलेली कॉफी. हिवाळ्याच्या संध्याकाळी ती मला आजही हवीशी वाटते, परंतु तिच्यात कॉफीची स्वतःची चव शोधू गेले तर जायफळ आणि दुधाची साय यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. बिनदुधाची, बियांचा खरा वास असलेली कॉफी रोज सकाळी घरात व्हावी, ती चार-पाच माणसांना एकदम पुरावी आणि वीज गेली तरी अडू नये, अशा हेतूने मी पर्कोलेटर घ्यायचे ठरवले. तेथून रोजची चांगली कॉफी जमेपर्यंत जे जे करावे लागले ते सविस्तर लिहिते, कारण या भांड्याविषयी मराठीत नीट माहिती शोधताना मला बरीच पायपीट करावी लागली.

पहिली अडचण भांडे ओळखण्याची आली. दुकानात पर्कोलेटर मागितला की कोणी पितळेचा किंवा स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर पुढे ठेवतो, तर कोणी मोका पॉट. ही तिन्ही भांडी वेगळी आहेत. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये वरच्या डब्यातल्या पुडीवर गरम पाणी ओततात आणि अर्क थेंबाथेंबाने खाली उतरतो. मोका पॉटमध्ये खालच्या वाफेच्या दाबाने पाणी पुडीतून एकदाच वर चढते आणि वरच्या भांड्यात साठते. पर्कोलेटरमध्ये मात्र एकच भांडे असते, त्यात मधोमध एक पोकळ नळी उभी असते आणि नळीच्या वरच्या टोकाशी जाळीची टोपली बसवलेली असते. नळीच्या पसरट बुडाखाली अडकलेले थोडे पाणी आधी तापते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, ते बुडबुडे पाण्याचा घोट नळीतून वर ढकलतात, तो घोट झाकणाच्या काचेच्या बोंडावर आपटून टोपलीवर पसरतो आणि पुडीतून झिरपत पुन्हा खाली येतो. तेच पाणी पुन्हा वर जाते. आपण आच बंद करेपर्यंत हा फेरा चालूच राहतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या हॅन्सन गुडरिच याने 1889 मध्ये अशा चुलीवरच्या पर्कोलेटरचे पेटंट घेतले होते आणि आजही त्याची रचना जवळजवळ तशीच आहे.

हा फेरा समजून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण पर्कोलेटरची कॉफी कडू होते अशी जी सर्वत्र ओरड आहे तिचे मूळ येथेच आहे. एकदा कॉफी झालेले पाणीच पुन्हा पुन्हा पुडीवर पडते. आच मोठी असेल तर ते उकळतच पडते, आणि बियांमधला गोडवा व सुवास आधीच उतरून गेलेला असल्यामुळे नंतर केवळ कडवट आणि तुरट अंश उतरत राहतो. चांगली कॉफी उतरण्यासाठी पाणी साधारण 91 ते 96 अंश सेल्सियस असावे, म्हणजे उकळीच्या अलीकडे. याचा अर्थ कॉफीची निवड, दळण, पाणी आणि आच या चारही गोष्टी या एका फेऱ्याला सोसतील अशा ठेवल्या पाहिजेत.

भांडे निवडताना मी स्टीलचे घेतले. ॲल्युमिनियमचे स्वस्त मिळते, पण ते साध्या इंडक्शन शेगडीवर चालत नाही. विजेवरच्या पर्कोलेटरमध्ये आच आपोआप आवरली जाते ही सोय खरी, तरी भारनियमनाच्या गावात गॅसवरचाच बरा. झाकणाचे बोंड काचेचे असावे, प्लास्टिकचे नको, आणि ते घट्ट बसते की नाही हे दुकानातच पाहून घ्यावे. शिवाय पर्कोलेटरवर लिहिलेला कप साधारण 150 मिलिलिटरचा धरलेला असतो, तेव्हा आठ कपांचे भांडे म्हणजे आपल्या घरातले चार मोठे मग, हे लक्षात ठेवून आकार ठरवावा. भांडे निम्म्याहून कमी भरले तर नळीतून पाणी नीट चढत नाही, म्हणून गरजेपेक्षा फार मोठे घेण्यात लाभ नाही.

त्यानंतर कॉफी. बाजारात जे सहज मिळते ते एक तर इन्स्टंट, नाही तर चिकोरी मिसळलेली बारीक पूड. चिकोरी ही एका झाडाची भाजलेली मुळी असते. ती वाईट नाही, दाक्षिणात्य फिल्टरमध्ये दुधाबरोबर ती रंग आणि दाटपणा देते. परंतु ती पाण्यात कॉफीपेक्षा लवकर आणि जास्त उतरते, त्यामुळे पर्कोलेटरच्या फेऱ्यात तीच चढते आणि कॉफी मागे पडते. आपल्याकडच्या नियमानुसार अशा मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी असलीच पाहिजे आणि प्रमाण पाकिटावर छापलेले असले पाहिजे. एका पाकिटाच्या दर्शनी बाजूस मोठ्या अक्षरांत कॉफी आणि मागे अगदी बारीक अक्षरांत 40 टक्के चिकोरी असे मी पाहिले, तेव्हापासून पाकीट उलटे करून वाचल्याशिवाय मी पैसे काढत नाही.

माझा भाचा बंगळूरला नोकरीला आहे. त्याने फोनवर सांगितले, "मावशी, तू पूड घेऊच नकोस, बिया घे. आणि पॅकिंगची तारीख नको बघूस, भाजल्याची तारीख बघ." तो सुट्टीला येताना कर्नाटक एक्सप्रेसने थेट जळगावला उतरतो, तेव्हा येताना चिकमगळूरच्या बियांची एक पिशवी त्याच्या सामानात असतेच. देशातली सुमारे 70 टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनमधल्या मोखाहून सात बिया आणून ज्या डोंगरात लावल्या अशी परंपरेने सांगितलेली कथा आहे, तो डोंगर चिकमगळूरचाच. (आपल्या महाराष्ट्रातही मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफीची झाडे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.)

पिशवीवरचे शब्द कळू लागले की निवड सोपी होते. प्लँटेशन म्हणजे धुऊन सोललेली अरेबिका, पार्चमेंट म्हणजे त्याच रीतीने तयार केलेली रोबस्टा, आणि चेरी म्हणजे फळासकट वाळवून मग सोललेली कॉफी. त्यापुढची ए, एए, एबी ही अक्षरे दाण्याचा आकार सांगतात. पीबेरी असेल तर फळात दोनऐवजी एकच गोल बी धरलेली असते. अरेबिकात कॅफीन साधारण सव्वा टक्का आणि आंबूस-गोडसर चव. रोबस्टात कॅफीन जवळजवळ दुप्पट, चव जड आणि कडवट. पर्कोलेटर मुळातच कडूपणाकडे झुकणारा असल्यामुळे मी प्लँटेशन ए ही अरेबिका, मध्यम भाजणीची, घेते. ज्या बियांवर तेल सुटून चकाकी आली आहे अशी गडद भाजणी या भांड्यात जळकट लागते. फारच हलकी भाजणीही मला पटली नाही. तिचा नाजूक फळासारखा सुवास या फेऱ्यात टिकत नाही आणि जास्तीचे पैसे वाया जातात. घरात कोणाला म्हशीच्या घट्ट दुधाबरोबर कॉफी लागत असेल तर चौथा हिस्सा रोबस्टा मिसळावा, म्हणजे दुधाखाली चव दबत नाही.

भाजल्यानंतर बियांमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, म्हणून पहिले चार-पाच दिवस थांबून मग पिशवी वापरायला काढते आणि महिनाभरात संपवते. जळगावचा मे महिना 44-45 अंशांचा. उष्णतेने बिया लवकर शिळ्या होतात. त्या दिवसांत मी आठवड्याच्या हिशेबाच्या लहान पुड्या हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवते आणि एकेक पुडी बाहेर काढून, ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडते. थंड पुडी लगेच उघडली तर बियांवर दव धरते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नयेत, तेथे लसूण-मिरचीच्या ठेच्याचा वास बियांना लागतो.

दळणावर मी सर्वांत जास्त मेहनत घेतली. पर्कोलेटरला जाड रव्यासारखे दळण हवे. बारीक पूड जाळीतून खाली पडते, कपात गाळ येतो आणि कडूपणा दुप्पट होतो. घरच्या मिक्सरच्या पात्याने काही कण पीठ होतात आणि काही अर्धेच राहतात. दात्यांचा हातगिरणीसारखा ग्राइंडर घेईपर्यंत मी मिक्सर एकेक क्षण थांबत-थांबत फिरवायचे आणि नंतर दळण मैद्याच्या चाळणीने चाळून पीठ वेगळे काढायचे. ग्राइंडर नसलेल्यांनी एवढे जरूर करावे, फरक पहिल्याच कपात कळतो. दळायचे ते कॉफी चढवायच्या वेळीच, आदल्या रात्री नाही.

पाण्याविषयी थोडक्यात सांगते. आमच्या शहराला वाघूर धरणाचे पाणी येते, पण कॉलनीत बोअरचेही पाणी आहे आणि ते जड आहे. त्यात कॉफी मंद आणि सपक लागते. उलट आरओचे पाणी क्षारांअभावी इतके कोरे असते की चव धारदार होते. गाळून घेतलेले नळाचे पाणी मला सर्वांत मानवले.

आता प्रत्यक्ष कृती. 600 मिलिलिटर पाण्याला 36 ग्रॅम कॉफी, म्हणजे लिटरला 60 ग्रॅम. आधी नळी आणि टोपली बाहेर ठेवून नुसते पाणी तापवते. बुडाशी बारीक बुडबुडे दिसू लागले की आच बंद करते. टोपली ओली करून तिच्या तळाशी मधोमध भोक पाडलेला गोल कागदी फिल्टर बसवते, त्यात पूड सैल पसरते, दाबत नाही, आणि टोपली आत सोडून झाकण लावते. कागदाने गाळ अडतो, शिवाय कोलेस्टेरॉल वाढवणारा कॅफेस्टॉल हा कॉफीच्या तेलातला अंशही बराच अडतो, म्हणून घरात वयस्कर माणसे असतील तर कागद टाळू नये. मग लहान बर्नर, अगदी मंद आच. थोड्या वेळाने पहिला 'खुळक्' असा आवाज येतो आणि काचेच्या बोंडात जवळजवळ कोरे पाणी उसळते. तेथून वेळ मोजायची. दोन-तीन सेकंदांनी एक उसळी, याहून जलद नको. आवाज सलग खळखळू लागला की भांडे बर्नरवरून किंचित बाजूला सरकवावे. बोंडातला रंग आधी फिका पिवळा, मग मधाळ, मग तांबूस होतो. सहा ते सात मिनिटांत तांबूस रंगावर काळी छटा चढते, त्या क्षणी आच बंद. लगेच चिमट्याने टोपली आणि नळी बाहेर काढते, कारण आत राहिलेली टोपली गाळत राहते आणि शेवटचे थेंब सर्वांत कडू असतात. दोन मिनिटे स्थिर ठेवून मग कपात ओतते. झालेली कॉफी पुन्हा तापवत नाही. उरणार असेल तर थर्मासमध्ये भरते.

चव बिघडली तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पाणचट किंवा आंबट लागली तर वेळ मिनिटभर वाढवावी, कडवट आणि जीभ कोरडी करणारी लागली तर आधी आच कमी करावी आणि तरीही तसेच असेल तर दळण जाड करावे. आमचे सासरे अमळनेरकडचे, आयुष्यभर चहावाले. पहिल्या कपांना ते काही बोलले नाहीत, आच मुठीत आल्यावर एका सकाळी कप खाली ठेवत म्हणाले, "आज कडू नही लागनी, पोरी." आता त्यांचा कप बिनसाखरेचा असतो.

स्वच्छतेकडे दुर्लक्ष केले तर वर सांगितलेले सारे व्यर्थ जाते. कॉफीचे तेल स्टीलला आणि नळीच्या आतल्या बाजूला चिकटते, खवट होते आणि पुढच्या कॉफीत उतरते. रोज गरम पाण्याने धुऊन नळीतून लांब दांड्याचा बारीक ब्रश फिरवते, आठवड्याने भांड्यात पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून टोपली-नळीसह एकदा चढवते. बोअरच्या पाण्याने पांढरा थर धरला असेल तर सोड्याऐवजी लिंबूसत्त्व घालावे आणि नंतर दोनदा कोऱ्या पाण्याचा फेरा काढावा.